अक्षरांच्या ओळीतली कोंबडी

दौलत,

तू गेल्यावर मी छापखाना काही दिवस बंदच ठेवला होता. उघडला तो शेजारच्या पानठेल्यावरच्या महादेवमुळे. मालेगावच्या स्टँडवर उतरलेला माणूस आपल्या दाराशी यायचा, कुलूप पाहायचा आणि महादेवला विचारायचा, "दौलतभाऊ कुठी गेले?" महादेव पानाला कात लावता लावता थांबायचा. मी मागच्या खोलीत नुसता बसलेला असायचो, मला सगळं ऐकू यायचं. एक म्हातारा तर विचारतच राहिला, "मंग कवा येतीन?" तेव्हा महादेवला रडू फुटलं. मला वाटलं, हे उत्तर देणं त्या बिचाऱ्याचं काम नाही. मी उठलो आणि दार उघडलं.

पण उत्तर मलाही कुठे देता येतं? 'दौलत वारला' एवढंच म्हणतो. समोरच्याच्या हातात लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर असतो, तो बिचारा कागद परत खिशात घालतो. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं. तू म्हणशील, "गजा, पुस्तकी बोलून राह्यला." बोलू दे. दुसऱ्यांचा मजकूर जुळवण्यात माझी वर्षं गेली, एकदा स्वतःचा जुळवतो.

आपण हा छापखाना काढला तेव्हा चित्रांचे ठोकळे आपल्याकडे दोनच होते. एक गणपती आणि एक मंगल कलश. पायानं चालवायचं ते ट्रेडल मशीन माझ्या बापाच्या वांग्या-टमाट्याच्या वाडीतून आलं आणि हात तुझे आले. वाशीमला एका छापखान्यात तू खिळे जुळवायला शिकला होतास. शिशाचं एकेक उलटं अक्षर खणाखणांच्या लाकडी केसमधून उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये ओळीनं लावायचं आणि हे करता करता कुठलं तरी गाणं म्हणायचं. गाणं वेगळं, मजकूर वेगळा, पण कधी गाण्यातला शब्द मजकुरात गेला नाही. मी मामाकडे राहून अनसिंगच्या शाळेत शिकत होतो, तेव्हा आपण एका बाकावर बसायचो. तेव्हाही तू असाच होतास. गुरुजी कविता शिकवायचे आणि तू पाटीच्या कोपऱ्यात बैलाचं शिंग काढत बसायचास. विचारलं की कविता मात्र घडाघडा म्हणायचास.

तुझं लग्न ठरलं, पत्रिका आपणच छापणार होतो. मी सवयीनं वर गणपती लावला. तू हातातली स्टिक खाली ठेवलीस.

"गजा, आमी दीक्षा घेतली तवा मी शाळेतच होतो. माया बापानं घरातले देव त्याच दिशी पान्यात सोडले. आता माया लग्नाच्या पत्रिकेवर तू गनपती बसवतं का?"

"मग काय लावू? कलश?"

"काईच लावू नोको."

काहीच लावलं नाही, तर वरची जागा रिकामी राहिली आणि लग्नाची पत्रिका दुखवट्याच्या कार्डासारखी दिसायला लागली. तू ते प्रूफ घडी करून खिशात घातलंस. दुसऱ्या दिवशी शिसवाचा एक तुकडा घेऊन आलास. दाढीचं पातं आणि छत्रीची घासून टोकदार केलेली काडी, एवढ्यावर तू त्यात पिंपळाचं पान कोरलं होतंस. मशीनवर चढवलं आणि पहिलं प्रूफ निघालं, तर पान कुठेच नाही! कागदावर नुसता धुकट डाग. ठोकळा खिळ्यांपेक्षा केसभर बुटका होता, शाई त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मग आपण दोघं सिगारेटच्या पाकिटाचे कागद फाडून एकेक करून त्याच्या बुडाशी घालत बसलो. एक कागद जास्त झाला की पान कागदच फाडायचं. कमी झाला की पुन्हा डाग. आणि मग एका प्रूफवर ते उमटलं. देठासकट, शिरांसकट, खाली लांब निमुळतं टोक असलेलं. तू मशीनभोवती नाचलास. तुझ्या हाताची शाई माझ्या सदऱ्याला लागली ती अजून निघालेली नाही.

माझ्या वडिलांनी ती पत्रिका ताटाशेजारी ठेवली. गणपतीशिवाय शुभकार्याचा कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता. दोन घास जेवले आणि म्हणाले, "पान मात्र झाडावरून तोडून आनल्यावानी काढलं पोट्ट्यानं." तू ते ऐकलंस आणि आठवडाभर ऐटीत हिंडलास. तुझ्या वस्तीतली माणसं मग लांबलांबून यायला लागली, "ते पानवाली पत्रिका पायजे" म्हणत. पानामागून धम्मचक्र आलं. चक्राचे आरे तू इतक्या वेळा चुकवलेस की चुकलेल्या ठोकळ्यांवर महादेव सुपारी फोडायचा.

आपला वाद सुरू झाला तो तिथून. माझं म्हणणं, चित्र हे सजावट आहे. पत्रिकेला ठीक. पण माणसाला काही सांगायचं असेल तर अक्षरानं सांगावं. चित्र दिलं की लोक वाचायचे थांबतात. तू म्हणायचास, "जो वाचतच नाई तो थांबन कायचा?" मी म्हणायचो, त्याला वाचायला शिकव. तू म्हणायचास, "शिकवू. पन तो शिकेस्तोवर त्यानं काय करावं?"

हे सगळं हसत-खेळत चालायचं. दुष्काळाच्या साली ते हसणं गेलं.

पाऊस पाठ फिरवून गेला होता. लोक खडी फोडायला जात होते. पुढच्या पेरणीसाठी गावोगाव बियाण्याची पोती आली. संकरित ज्वारी होती, किडीसाठी औषध चोळलेली, गुलाबी रंगाची. एका कचेरीतून आपल्याकडे सूचना छापायला आली: 'सदर बियाणे विषयुक्त असून त्याचे सेवन करू नये.' तू ती जुळवलीस, मी छापली. स्वच्छ, ठसठशीत काम झालं होतं. गावोगावच्या भिंतींवर ते कागद लागले.

धनजला तुझी मावशी राहायची, चंद्रभागा मावशी. तुझी आई गेल्यावर तुला काही वर्षं तिनंच सांभाळलं होतं. घरात दाणा नव्हता आणि बियाण्याचं पोतं होतं. तिनं ती ज्वारी पाण्यात चोळून चोळून धुतली. गुलाबी रंग गेला, पाणी निवळ झालं, मग उन्हात वाळवली, दळली. भाकरी केली. घरात ती एकटीच होती म्हणून एकटीच गेली.

माती करून तू परत आलास तेव्हा दुपार होती. खिशातून कागद काढलास आणि दगडावर, जिथे आपण ओळी बांधतो तिथे, उलगडून ठेवलास. आपलीच सूचना होती.

"पिठाच्या डब्याले झाकन नव्हतं तिच्या," तू म्हणालास. "भिंतीवरचा कागद काढला अन् डब्यावर बांधला. चांगला जाड कागद हाय म्हने. तो सोडूनच पीठ घेतलं असन ना रे तिनं?"

मी कागदाच्या घडीत अडकलेलं पीठ बोटानं झटकलं.

"अन् आंगनात कोंबड्या मरून पडल्या होत्या, गजा. तिनं धुताना सांडलेले दाने खाल्ले त्यायनं. उताण्या पडल्या होत्या, पाय वर करून. शेजारची बाई म्हने, कोंबड्या आदी मेल्या असत्या त चंद्री भाकर कायले खाती?"

दुसऱ्या दिवशी तू कवटी कोरायला घेतलीस. विजेच्या खांबावर असते तशी, खाली दोन हाडं. उत्तम झाली होती. मी म्हटलं, आता याहून स्पष्ट काय असणार? तू म्हणालास, "आपल्याले स्पष्ट हाय. आपन शाळेत गेलो." आणि प्रूफ घेऊन बाजारात गेलास. मी तुझ्यामागून आलो.

भाजीच्या ओळीत तू एका बाईसमोर बसलास. "काकू, हे काय व्हय?"

तिनं कागद उलटासुलटा केला. "कोनाचा फोटू हाय बावा? दात दाखवून हासून राह्यला."

पलीकडचा म्हातारा डोकावला. "हा त खांबावरचा! याले हात लावला की शाक बसते."

"हा पोत्यावर असला त काय समजसान?"

"पोत्यावर?" म्हाताऱ्यानं विचार केला. "पोत्यात वीज हाय का?"

सगळे हसले. तूही हसलास. छापखान्यात आल्यावर ती कवटी तू दगडावर ठेवलीस आणि हातोडीनं फोडलीस. मला वाईट वाटलं, तिच्यासाठी तू बोट कापून घेतलं होतंस.

मग बरेच दिवस तू काही ना काही काढत होतास. तोंडावर ठेवलेला हात, ताटावर फुली, आडवा पडलेला माणूस. फुलीला लोक 'गुनाकार' म्हणाले. आडव्या माणसाला 'निजला' म्हणाले. तू चिडायचास, कागद चुरगळायचास. घरी नेऊन सुभद्रावहिनींना दाखवायचास, त्या चुलीपुढून पाहायच्या आणि मान हलवायच्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, "तुमीच त सांगत होते कोंबड्यायचं. मंग कोंबडीच काहून नाई काढत? कोंबडी मेली त घरातलं कोनीबी दाना तोंडात टाकत नाई."

तू तसाच अर्ध्या ताटावरून उठून छापखान्यात आलास. खरकटा हात. "गजा, कोंबडी!" एवढंच म्हणालास.

उताणी कोंबडी, पाय वर, चोच उघडी आणि चोचीपाशी सांडलेले ज्वारीचे दाणे. बाजारात त्याच बाईला दाखवली. ती कागद हातात न घेताच मागे सरली. "इख खाल्लं इनं," ती म्हणाली. "कोनाच्या घरचे दाने हायेत हे?"

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाटलं, तू मावशीला उशिरा का होईना, पण काहीतरी सांगितलंस.

पुढची कटकट वेगळीच. कोंबडीचे पाय बारीक, लाकडात टिकेनात. मशीनचा दाब पडला की मोडायचे आणि मग कागदावर नुसता एक गोळा उमटायचा, बटाट्यासारखा. तू झिजलेले खिळे वितळवलेस, लाकडी कोंबडीवरून प्लास्टरचा साचा केलास आणि त्यात शिसं ओतलंस. पहिल्या साच्यात बुडबुडे आले, दुसरा तडकला. पाय जरा जाड केलेस, चोच जरा मोठी. शेवटी शिशाची कोंबडी झाली, अक्षरांसारखीच राखाडी आणि जड. मी ती मजकुराच्या वर, मधोमध बसवली, गणपतीच्या जागी.

"तथी नाई," तू म्हणालास. "ओळीत."

"ओळीत कशी बसेल? अक्षरापेक्षा चौपट मोठी आहे."

"मंग अक्षराएवढी करतो."

मला वाटलं तू गंमत करतोस. तू खरोखर केलीस. शेंगदाण्याएवढी कोंबडी, अगदी अक्षराच्या उंचीची, स्टिकमध्ये 'विषयुक्त' या शब्दाला चिकटून उभी राहील अशी. तिच्यासाठी केसमध्ये एक खण रिकामा केलास, 'ज्ञ'चा. 'ज्ञ'ला 'क्ष'च्या घरात पाठवलंस. मी चिडलो. म्हटलं, ही भाषा आहे की खुराडं? तू शांतपणे म्हणालास, "पाह्य गजा. वर ठेवली त ते सोभेची होते. लोक म्हनतीन दुकानाचा मार्का हाय. शब्दाच्या बाजूले ठेवली त मानूस तिले पायते, मंग बाजूच्या शब्दाकडे पायते. उद्या कोंबडी नसली तरी त्याले तो शब्द वळखू येईन."

मी चहा सांगितला.

कचेरीतले साहेब भले निघाले. म्हणाले, मजकूर वरून आलेला आहे, त्यातला शब्द बदलता येणार नाही, पण शब्दाशेजारी कोंबडी बसवली तर माझी ना नाही. पोत्यांवर चिकटवायच्या पट्ट्या आपण छापल्या. मोठी कोंबडी एका बाजूला आणि मजकुरात 'विषयुक्त' आलं तिथे बारकी. थोड्याच दिवसांत एक शेतकरी पोतं खांद्यावर घेऊन भांडायला आला, आपल्याच दारात. "मेल्या कोंबडीचं पोतं देलं मले! बदलून द्या." त्याला वाटलं होतं, बियाणं इथेच मिळतं. तू त्याला बसवलंस, पाणी दिलंस, सगळं समजावलंस आणि तो गेल्यावर भिंतीला टेकून इतका हसलास की शेवटी ते हसणं राहिलं नाही.

त्यानंतर तसं दुसरं मरण आपल्या कानावर आलं नाही. मी एकदा म्हटलं, कोंबडीमुळे की पुढच्या साली पाऊस बरा झाला म्हणून? तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. मला अजूनही ते माहीत नाही, दौलत. तुलाही नव्हतं. पण तो प्रश्न विचारायला नको होता असं मला वाटत नाही, आणि तू रागावलास तेही बरोबरच होतं.

मग कारंज्याचे छापखानेवाले मिश्राजी आले. त्यांना कोंबडी हवी होती. मी म्हटलं, देऊ, पण खाली आपल्या छापखान्याचं नाव बारीक अक्षरात राहील. मी तसा ठोकळा ओतूनही ठेवला होता. तू कानस घेतलीस आणि माझ्यादेखत ते नाव घासून काढलंस.

"इखाले कोनाचं नाव लावतं, गजा?"

"विषाला नाही, कामाला. तुझ्या कामाला नाव नको?"

"त्यायले पाय अजून जाड करा लागले त? आपलं नाव पाहून ते हात लावनार नाईत. कोंबडी आपली राह्यली त ते आपल्या दुकानातच मरन."

मिश्राजींना तू दोन दिल्यास. एक वापरायला आणि एक, तू म्हणालास, "बिघडवाले." साचा कसा करायचा, शिसं किती तापवायचं, बुडबुडे कसे टाळायचे, सगळं त्यांना बाकावर बसवून सांगितलंस. आपला धंदा आपण शेजाऱ्याला शिकवतोय असं मी म्हणत होतो आणि तू माझ्याकडे पाठ करून सांगत होतास.

तुझं खरं ठरलं तेही सांगायला हवं. काही महिन्यांनी मिश्राजींनी बसच्या कंडक्टरबरोबर एक पुडी पाठवली. उघडली तर आत कावळा. त्यांच्या भागात कोणी म्हणालं होतं, कोंबडी रोगानंही मरते. पण कावळा मेला तर माणूस विचार करतो. त्यांनी तुझ्याच कोंबडीची मान वळवून, पंख पसरून कावळा केला होता, आणि तो तुझ्या कोंबडीपेक्षा चांगला होता. मला वाटलं तुला लागेल. तू कावळा उन्हात धरलास, फिरवून फिरवून पाहिलास आणि महादेवला हाका मारत सुटलास, "पाह्य बे, माया कोंबडीले पंख फुटले!" रिसोडच्या एका छापखान्यानं शेळी केली, ती फसली. लोकांना वाटलं मटणाचं दुकान निघालंय. तू त्यांना निरोप पाठवलास की शेळीच्या तोंडापाशी दाणे टाका. त्यांनी टाकले. तरी लोक मटण विचारायला येतच राहिले, तेव्हा तेही तुझी कोंबडी घेऊन गेले. कुठे कोंबडी, कुठे कावळा, पाय जाड झालेले, चोच लांब झालेली. बाजाराच्या दिवशी पोती पाहत हिंडायचास आणि सांगायचास, ही रिसोडची, ही कारंज्याची, ही आपली. मी विचारलं, आपली कशावरून? म्हणालास, "इचा डावा पाय मोडका हाय. मायाच हातून मोडला."

मग तुला वेडच लागलं. विहीर, घागर, दवाखाना, बस, डोळा, आग. सगळी अक्षरांच्या उंचीची. केसमधले खण रिकामे होत गेले. माझी जोडाक्षरं एकमेकांच्या घरात दाटीवाटीनं राहू लागली. मी एकदा वैतागून म्हटलं, "कोंबडी काढलीस, विहीर काढलीस. आता मला 'उद्या' काढून दाखव."

"काय?"

"उद्या. दवाखाना उद्या उघडेल. बस उद्या येईल. काढ ना चित्र. 'नाही' काढ. 'पण' काढ. जिथे तुझी चित्रं संपतात, दौलत, तिथून माझी अक्षरं सुरू होतात."

तू कान खाजवलास. "'नाई'ले फुली लावता येते."

"फुलीला लोक गुणाकार म्हणतात."

तू हरल्यासारखा हसलास. पण मी तुला ओळखतो. त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात 'उद्या' बसला. जेवताना, चालताना बोटानं हवेत काहीतरी काढायचास. सूर्य काढलास, तो 'आज'ही होता. सूर्य, चंद्र आणि पुन्हा सूर्य काढलास, ते लोकांना ग्रहण वाटलं. झोपलेला कोंबडा काढलास. सुभद्रावहिनी म्हणाल्या, "हा बी मेला का?" तेव्हा सगळे हसलो.

या पावसाळ्याच्या अखेरीस तुझे डोळे पिवळे झाले. तू म्हणालास, शाई गेली डोळ्यात. मग लघवी पिवळी, अन्न नकोसं. कुणी जडीबुटी सांगितली, ती घेतलीस. मग पोट फुगलं आणि मी तुला अकोल्याच्या बसमध्ये बसवलं. पातूरच्या घाटात बस वळणं घेत होती आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. इतकं हलकं डोकं. खिडकीबाहेर तू काहीतरी पाहत होतास. मला वाटलं झोपलास, तर म्हणालास, "हा रस्ता चित्रात सोपा हाय. नुसता साप काढला की झालं."

दवाखान्यात त्यांनी जमेल ते सगळं केलं. ग्लानीतून जागा झालास की तू आधी सुभद्रावहिनींना शोधायचास आणि मग मला. एका सकाळी तू नीट शुद्धीत होतास. वहिनी चहा आणायला गेल्या होत्या. तू माझा हात ओढलास.

"गजा, 'उद्या' काढता येते."

"कसा?"

"सोपा हाय रे. आपन गधे होतो." तुझे ओठ कोरडे पडले होते. "घरी गेल्यावर काढून दाखवतो. इथी कागद नाई चांगला."

"सांग ना नुसतं."

"सांगून नाई समजनार. चित्र व्हय ते." आणि तू हसलास, वाद जिंकल्यावर हसायचास तसा. वहिनी चहा घेऊन आल्या. तू घोटभर घेतलास. संध्याकाळी तू गेलास.

तुला घेऊन येताना जीपमध्ये माझं चित्त रडण्यात नव्हतं. मी तेच शोधत होतो. काय काढलं असतंस तू? अजून शोधतो आहे. पेरलेलं शेत? बंद दार? पाळणा? मी काढायला बसतो, तर माझ्या हातून रेघ सरळ येत नाही. तुझ्या टेबलावर काही ठोकळे अर्धवट कोरलेले आहेत. कोणता 'उद्या' आहे की कोणताच नाही, हे मला सांगता येत नाही. एकात नुसती एक आडवी रेघ आहे. ती रेघ मी बोटानं चाचपून पाहतो. ती कशाची सुरुवात होती, दौलत?

एक सांगतो, माझं मत बदललेलं नाही. माणसाला अक्षर यायला हवं. चित्रावर भागवून घेतलं की सरकारही भागवून घेईल, आपणही घेऊ. हे मी तुला आणखी वीस वर्षं सांगितलं असतं आणि तू आणखी वीस वर्षं माझे खण रिकामे केले असतेस. मला ते हवं होतं. एवढंच मी तुला कधी बोललो नाही, कारण रोज भांडणाऱ्या माणसाला हे सांगावं लागेल असं वाटलं नाही. तू नसतास तर मी पत्रिका छापणारा एक माणूस झालो असतो, शाईचे हात धुऊन घरी जाणारा. अक्षराच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे मान वळवून पाहायला तू मला लावलंस. माझी मान तेव्हा दुखली, पण वळली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मिश्राजी कारंज्याहून आले होते. रिसोडचे आले, आणखीही काही छापखानेवाले आले. मला सगळे ओळखीचे नव्हते. तुझ्या अंगणात ते एकमेकांना विचारत होते, तुमच्याकडे कोंबडी की कावळा? तुझे वडील एका कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांना काही कळत नव्हतं. मिश्राजी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आपका बेटा मेरा उस्ताद था." त्यावर वडील म्हणाले, "शाळेत त त्याले गुरुजी रोज मारत होते." आणि डोळे पुसत हसले.

नंतर एके दिवशी सुभद्रावहिनी छापखान्यात आल्या. मला वाटलं तुझ्या वस्तू न्यायला आल्या असतील. मी तुझ्या चित्रांचे खण काढून पुढे ठेवले. म्हटलं, "वहिनी, हे सगळं तुमचं. न्यायचं असेल तर न्या, इथे ठेवायचं असेल तर इथे राहील. आणि तुम्हाला काम हवं असेल तर या चित्रांपासून सुरुवात करू. ती तुम्हाला ओळखू येतात."

त्यांनी एकेक चित्र हातात घेतलं, पदरानं पुसलं, जिथलं तिथे ठेवलं. मग खण माझ्याकडे सरकवला.

"चित्रं मले येतात, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जे येत नाई ते शिकवा."

मी अक्षरांची केस उघडली. 'क' कुठे, 'र' कुठे, कान्याची जागा कुठली, दाखवत गेलो. शिशावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे वहिनी प्रत्येक अक्षर उलटंच शिकताहेत. कागदावर छापलेलं सुलटं अक्षर दाखवलं की थोडा वेळ गोंधळतात, मग मान कलती करून ओळखतात. रोज सकाळची घरची कामं उरकून येतात आणि तुझ्या जागेवर उभ्या राहतात. त्यांची उंची कमी पडते म्हणून मी तिथे एक पाट ठेवला आहे.

आज त्यांनी पहिला शब्द स्वतः जुळवला. मी दुसऱ्या कामात होतो, त्यांनी बोलावलं नाही. शाई लावून प्रूफ काढलं आणि कागद घेऊन माझ्यापुढे आल्या. 'पानी' असं जुळवलं होतं. 'ण'चा खण अगदी शेजारीच आहे. पण त्यांनी जसं बोलतात तसं लावलं होतं. मी शुद्ध लेखनाचा माणूस, तुला माहीत आहे. दुरुस्ती अगदी ओठावर आली होती.

"काय लिहिलंय, वहिनी?" मी विचारलं.

त्यांनी बोट ठेवून, एकेक अक्षर थांबत, वाचलं.

मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि त्या पुढच्या शब्दासाठी केसकडे वळल्या.